मोरेबाईंची झोप

आमच्या शाळेत मोरेबाई खुर्चीवर बसून कवायत शिकवायच्या.

पुढं इचलकरंजीच्या शाळेत गेल्यावर हे मी शिक्षकांच्या खोलीत एकदा सहज बोलून गेले, तर सगळे पोट धरधरून हसले. कवायतीच्या बाई, आणि खुर्चीवर! मला असा संताप आला की विचारू नका. आणि संताप आला की मी गप्प बसते, असं माझ्याबद्दल आजवर कोणी म्हटलेलं नाही. पण त्या दिवशी बसले. मी पाहिलेल्या बायकांत मोरेबाई सगळ्यांत धिप्पाड होत्या आणि सगळ्यांत दमलेल्या होत्या, हे डबा खाता खाता कोणाला कसं समजावायचं? आणि त्या दमण्यापायी त्यांच्या वडिलांची तालीम सुटली, हे तर मला स्वतःलाच अजून नीट पचलेलं नाही.

मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, शाळेच्या पाटीवरचा जुना रंग अजून तसाच होता. मुलींना लेझीम आणि लाठी शिकवायला बाई हवी होती. मंगळवार पेठेतल्या मोरे वस्तादांची मुलगी म्हटल्यावर हेडबाईंनी पुढचं काही विचारलंच नाही. वस्ताद म्हणजे तालमीचे गुरू. पेठेतली पोरं त्यांच्या हाताखाली पैलवान व्हायची. मुलगीही बापावर गेलेली. उंच, रुंद खांद्यांची, कासोटा घट्ट खोचलेला. दारातून आत आल्या की खोलीतला उजेड कमी व्हायचा. आम्ही बाकीच्या बायका मनातून जरा दबकलोच. आणि पहिल्याच दिवशी ही बाई मैदानावर गेली, शिपायाला म्हणाली, "मामा, एक खुर्ची आणा की," आणि बसली.

बसूनच शिट्टी, बसूनच सावधान, बसूनच लेझमीचे ठेके. फक्त एखादी मुलगी अडली की उठायच्या, तिच्यामागं उभ्या राहून तिचे हात आपल्या हातात घेऊन दोन ठेके करून दाखवायच्या आणि परत खुर्ची गाठायच्या. मुली त्यांच्यावर जीव टाकायच्या. आम्ही मात्र आपसांत काय बोलायचं ते बोलत होतो. आळशी, माजलेली, वस्तादाची लाडकी. मीही दोन शब्द घातलेच असतील, मला काही कोणी कमी समजू नये.

मोरेबाईंच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. मैदानावर जाण्याआधी त्या दोन्ही मनगटांना रुमाल गुंडाळून गाठ मारायच्या, बांगडी फुटून कुठल्या मुलीला लागू नये म्हणून. कवायत संपली की मुली घरी जायच्या आणि मोरेबाई लेझमी ठेवायच्या खोलीत जाऊन बसायच्या. एकेक लेझीम मांडीवर घ्यायच्या, तिच्या सगळ्या चकत्या बोटांनी हलवून बघायच्या, सैल आहे का, निसटेल का. सगळ्या बघून झाल्या की पहिल्यापासून परत. शाळेतून निघाल्या की कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि वळायच्या, खोलीला कुलूप लावलंय की नाही ते बघायला. एकदा मी त्यांच्याबरोबर चालत होते. मी म्हटलं, "अहो, माझ्यादेखत लावलंत की कुलूप!"

"लावलंय की, मलाबी ठावं हाय," त्या म्हणाल्या आणि तरीही वळल्या.

कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायकांसारख्या त्याही 'मी येते' न म्हणता 'मी येतो' म्हणायच्या. कुठं बोलावलं, हळदीकुंकवाला, कुणाच्या बारशाला, की थोडा वेळ डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "थांबा, उरलंय का बघतो." घरातल्या डब्यात पीठ उरलंय का बघावं तसं. मग "चला, हाय जरा," नाही तर "आज उरलं न्हाय." उरलं नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी यायच्या नाहीत. मला आधी हा शिष्टपणा वाटायचा. नंतर लक्षात आलं की ही बाई रोज सकाळी उठून अंगात किती जीव आहे ते बघते, त्याच्या वाटण्या करते, मुलींच्या वाट्याचा बाजूला काढते आणि उरलेल्यात बाकीचा दिवस ढकलते. खुर्ची त्यासाठी होती.

लग्न झालेलं होतं. शाहूवाडीकडं डोंगरात भाताची शेती असलेल्या घरात दिली होती. तिथून लावणीच्या दिवसांत सासऱ्यानं स्वतः गाडीत घालून आणून सोडली. वस्तादांना म्हणाला, "पावणं, पोरगी चांगली हाय, पण चिखलात मधीच बसती. बसली की उठत न्हाय." परत न्यायला कोणी आलं नाही. हे मला मोरेबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना आवाजात काहीसुद्धा नव्हतं. गाडी उशिरा आली असं सांगावं, तसं सांगितलं.

एकदा लेझमींच्या खोलीत मी विचारलंच. मला आडून आडून विचारता येत नाही. म्हटलं, "तुम्हाला नेमकं होतं तरी काय?"

त्यांनी मांडीवरची लेझीम खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "डोक्यात सारखी कुस्ती लागलेली असती बाई. सकाळी डोळं उघडायच्या आधीच लागती. चूल इझवली का, कडी लावली का, पोरीच्या डोळ्यात चकती गेली तर, आबा रस्त्यात पडलं तर. ह्यो पडत न्हाय आन त्योबी पडत न्हाय. आन सोडवायला पंच न्हाय. मग अंगात काय ऱ्हानार?"

"फार भीती वाटते का?"

"आदी वाटायची. आता वाटायचंबी बंद झालंय. भ्या कशाचं हुतं त्येबी इसरायला हुतंय, भिऊन भिऊन दमलेलं तेवढं ऱ्हायलंय." आणि मग, "रडाय येत न्हाय. रडायलाबी जीव लागतो की."

मी एक लेझीम उचलली आणि तिच्या चकत्या हलवून बघायला लागले.

त्या वर्षी तपासणीला साहेब येणार होते. हेडबाईंनी आदल्या दिवशी खुर्ची मैदानावरून उचलून आत ठेवायला लावली. "साहेबांसमोर शोभत नाही, मोरेबाई." मोरेबाई "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सबंध कवायत त्यांनी उभ्यानं घेतली, आणि अशी घेतली की साहेबांनी हातातला चहा तसाच धरून ठेवला. साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि मोरेबाई होत्या तिथं मातीत खाली बसल्या. बसल्या त्या उठेनात. डोळे उघडे, बोलणं शुद्धीवरचं, पण हात उचलेना. हेडबाईंनी तोंडावर पाणी मारलं तर म्हणाल्या, "नका वो, पुसायला उठावं लागंल." शेवटी टांगा बोलावला, चौघींनी धरून बसवलं आणि मी बरोबर गेले. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची हेडबाईंनी आपण होऊन मैदानावर परत ठेवली. एवढं मी त्यांच्या नावावर जमा धरते.

टांग्यातून उतरवायला त्यांचे वडील, आबा, धावत आले. वस्ताद मी पहिल्यांदा बघत होते. साठीचा माणूस, कान कुस्तीत मोडून गाठाळलेले, मान आणि डोकं एकाच रुंदीचं. लेक त्यांनी पोत्यासारखी खांद्यावर घेतली, आत नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमी शिकलेल्या. सांगा की, हिला काय कमी पडतंय?"

आता सगळं आयुष्य तालमीत गेलेला माणूस. माणूस दमतो म्हणजे काय? तर अंगात ताकद कमी. आणि ताकद कमी म्हणजे खुराक कमी. दुसरं काही त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मोरेबाईंना पैलवानाचा खुराक सुरू झाला. सकाळी बदाम घोटून, दुपारी तूप, दिवसाआड मटणाचा रस्सा. आणि संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर. तिथं म्हशी रस्त्यात उभ्या असतात, गवळी आपल्यासमोर धार काढतो आणि फेसाचा ग्लास हातात देतो. बाप लेकीला रोज तिथं उभी करायचा. "पी, पोरी. संपीव." लेक प्यायची. मी एकदोनदा बरोबर गेले, तर एकदा आबा गवळ्याशी बोलत असताना मोरेबाईंनी ग्लास माझ्या हातात दिला. "प्या बाई, माझ्यानं ढकलत न्हाय." मी म्हटलं, "मग सांगा ना त्यांना!" त्या म्हणाल्या, "सांगितलं तर आबा काळजी करत्यात. घरात काळजी करनारं एकच माणूस बास झालं." मी दूध संपवलं. उत्तम होतं.

वजन वाढलं, थकवा तसाच. डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी नळी लावून बघितलं, म्हणाले, हृदय खणखणीत आहे, फुप्फुसं खणखणीत आहेत, मनाला लावून घेऊ नका. बाहेर आल्यावर मोरेबाई मला म्हणाल्या, "मी कुठं लावून घेतोय? त्येच येऊन चिकटतंय." आणि घरापर्यंत टांग्यात डोळे उघडे ठेवून बसून राहिल्या. झोप हा त्यांचा खरा दुष्काळ होता. पडायच्या, पण डोळा लागत नसे.

मग आबांनी ते केलं.

तालमीचा हौदा तुम्ही पाहिला असेल. मधोमध खोलगट जागा, त्यात गुडघाभर तांबडी माती. ती माती साधी नसते. ताक, तेल, हळद, लिंबू घालून वस्ताद ती वर्षानुवर्षं मुरवतो. जोर काढून, कुस्ती खेळून पैलवान थकला की त्याला त्याच मातीत झोपवतात, अंगावर माती ओढतात. माती शीण ओढून घेते, असं म्हणतात. आणि त्या हौद्यात बाईमाणसानं पाऊल टाकायचं नसतं. कोनाड्यात मारुती असतो. मी त्या गावात जन्मले, वाढले, पण तालमीच्या दारातून आत डोकावण्याचीही माझी कधी टाप नव्हती.

एका रविवारी दुपारी आबांनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. तालमीला कुलूप होतं, पोरं जेवून आपापल्या घरी पडलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आबा म्हणाले, "बाई, तुमी निस्तं हितं उंबऱ्यावर बसा. सोबत हुईल." ज्या माणसाला मैदानात समोरच्याची मान पिरगाळताना काही वाटलं नाही, तो आपल्याच तालमीचं कुलूप काढताना घामाघूम झाला होता. आत गेल्यावर त्यांनी आधी मारुतीसमोर हात जोडले, मग खांद्यावरचं उपरणं काढून कोनाड्यावर पडद्यासारखं टाकलं. म्हणाले, "देवा, माझी लेक हाय. तू तिकडं बघ."

मोरेबाई लुगड्यानिशी मातीत आडव्या झाल्या. आबांनी गुडघ्यांवर बसून त्यांच्या पायांवर, हातांवर माती ओढली. हलक्या हातानं, तान्ह्या पोराला दुपटं घालावं तशी. त्या वर कौलांकडं बघत होत्या.

"आबा, दाराला कडी लावलीसा?"

"लावलीया."

"घरच्या?"

"तितलीबी लावलीया."

"चूल?"

"इझिवलीया. पानी मारून आलोय."

"बाई बसल्यात न्हवं?"

"बसल्यात की. समोर हायत."

"आबा, लेझमीच्या खोलीचं…"

एवढंच. पुढचं वाक्य आलंच नाही. मी उंबऱ्यावरून वाकून बघितलं, तर तोंड जरासं उघडं आणि घोरणं चालू. आबा तसेच गुडघ्यावर बसून राहिले. ऊन उतरेपर्यंत त्या झोपल्या. उठल्या तेव्हा इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "मी कुठं गेलतो?"

मग तीनचार रविवार तसेच गेले. सोमवारी मोरेबाई शाळेत यायच्या त्या जरा वेगळ्या असायच्या. खुर्ची असायची, पण खुर्चीत पुढं सरून बसायच्या. एका सोमवारी तर "उरलंय का बघतो" न म्हणता आमच्याबरोबर रंकाळ्यापर्यंत आल्या. भेळ खाल्ली. मला वाटलं, सुटली ही बाई.

तालमीत झोपायला जाताना रुमाल कशाला बांधायचे? मैदान नाही, मुली नाहीत. बांगडी कधी तडकली ते त्या झोपेत त्यांना कळलंच नाही. पुढच्या एका सोमवारी पहाटे तालमीतला शिवा नावाचा पोरगा चित पडला आणि उठला तो पाठीतून रक्त गळत. खासबागच्या मैदानात त्याची मोठी कुस्ती ठरलेली होती, ती हुकली. मातीत हात घालून शोधलं तर हिरव्या काचेचा तुकडा.

तालमीत हिरवी काच! पेठेत बोंब झाली. पंच मंडळी जमली. आबांना खोटं बोलता आलं असतं. कोणी खोडसाळपणा केला म्हणाले असते, तर पेठेनं मानलं असतं, इतका त्यांचा मान होता. त्यांनी काच हातात घेतली आणि म्हणाले, "माझ्या लेकीच्या बांगडीची हाय. मीच झोपवली हुती तिला हितं." पंचांनी त्यांना तालमीतून बाजूला व्हायला सांगितलं. हौद्यातली सगळी माती काढून टाकायची, नवी भरायची, मारुतीला अभिषेक करायचा, असं ठरलं. आबांनी फक्त एवढंच मागितलं की माती मीच काढणार. स्वतः खोरं घेऊन त्यांनी हौदा रिकामा केला. कोणाला हात लावू दिला नाही.

मला हे कळलं तसा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंचांतल्या एका म्हाताऱ्याचं गुळाचं दुकान होतं. मी भर बाजारात त्याच्या दुकानासमोर उभी राहिले आणि विचारलं, "तुमच्या मारुतीला आई होती की नव्हती?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "हुती की बाई. पर ती तालमीत येत न्हवती."

मी अर्धा शेर गूळ घेतला आणि घरी आले.

मोरेबाई दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या. हात मोकळे होते, बांगड्या काढून टाकलेल्या. खुर्चीवर बसून कवायत घेतली. त्या शिवाच्या घरी जाऊन आल्या होत्या. शिवा हसला म्हणे, "अक्का, दाढी करताना यापरीस जास्त कापतंय," आणि त्याच्या आईनं चहा दिला. लेझमींच्या खोलीत मी शेजारी बसले. त्या चकत्या हलवत होत्या.

"जल्मभर ज्येचं भ्या हुतं, त्ये झालं बगा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातनं कुणाला तरी लागनार. लागलं. वर आबाची तालीमबी गेली. मला वाटलं, आता झालं एकदाचं, आता तरी डोकं गप बसंल."

"मग?"

"न्हाय बसलं. दुसरं काढून बसलंय."

"आणि तुम्हाला कसं वाटतंय?"

त्यांनी लेझीम खाली ठेवली, दुसरी घेतली. "कायबी वाटत न्हाय बाई. वाटाय पायजे की न्हाई? पर न्हाय वाटत."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, पण त्या हातात काही नव्हतं. पुढं वर्षभर त्या तशाच येत राहिल्या, वेळेवर, न चुकता, आणि मुलींच्या वाट्याचं त्यांनी कधीही कमी केलं नाही. मग मला इचलकरंजीला बदलून जावं लागलं. निरोपाच्या दिवशी सगळ्याजणी रडल्या. मोरेबाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मला रडाय येत न्हाय. तुमी मनात धरू नका." मी म्हटलं, "वेड्या आहात का?"

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी कोल्हापूरला कामासाठी गेले होते. रविवार होता, दुपार होती. मंगळवार पेठेत शिरले. तालमीवरून गेले, तिथं नवा वस्ताद, नवा रंग. मोरेंच्या घरासमोर आले तर आबा बाहेर कट्ट्यावर बसलेले, दाराला पाठ लावून. मांड्या आता सुकलेल्या, पण बसायची ढब वस्तादाचीच. रस्त्यावर दोन पोरं गोट्या खेळत ओरडली, तर आबांनी काठी उचलून त्यांना दाखवली. पोरं मुकाट्यानं लांब गेली.

मला ओळखलं. चेहरा फुलला, पण तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला," पुटपुटले. "आत्ता डोळा लागाय लागलाय."

कडी लावलेल्या दाराला फट होती. आत, सोप्याच्या कोपऱ्यात, विटा लावून चौकोन केला होता आणि त्यात ती माती. हौद्यातली. गाडीनं टाकून द्यायला म्हणून काढलेली ती माती म्हाताऱ्यानं घरी आणून ठेवली होती. मला तिच्यात फक्त दोन पावलं दिसली, मोठी, माती लागलेली. आबा माझ्या कानाशी म्हणाले, "ताक घालतो अजून. हळदबी. रविवारी तेवढी झोपती."

माझ्या पिशवीत मोरेबाईंसाठी आणलेलं लुगडं होतं. ते मी आबांच्या शेजारी कट्ट्यावर ठेवलं. वहाणेचा थोडासा आवाज झाला असेल. आतून तो ओळखीचा, सपाट आवाज आला.

"आबा, कडी लावलीसा?"

"लावलीया."

"कोन आलंय वो?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत विचारणं होतं, लाज होती, सगळंच होतं. मी 'नको' अशी मान हलवली.

"कोन न्हाय," आबा म्हणाले. "झोप तू."

मी वहाणा काढून हातात घेतल्या आणि अनवाणी पायऱ्या उतरले.